बोरसे सरांची काळी चकती

आमच्या मेहरूणात पितांबर बोरसे सरांच्या घराला आणि माझ्या घराला भिंत एकच. त्यामुळे त्यांच्याकडे फोडणी जळली की शिंक मला येते. कॉलेजात ते पदार्थविज्ञान शिकवतात. घरी मात्र त्यांचं कोणी ऐकत नाही, आणि त्यांनी तयार केलेल्या काळ्या चकत्या तर मुळीच ऐकत नाहीत.

सत्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी साली या चकत्यांचं वेड जगभर पसरलं होतं. त्याची लागण जळगावात एकट्या आमच्या सरांना झाली. यिट्रियम, बेरियम आणि तांबं यांची पूड खलात घोटायची, दाबून बत्ताशाएवढी चकती करायची आणि भट्टीत भाजायची. ही चकती द्रव नायट्रोजनात बुडवली की तिच्यातून वीज कसल्याही अडथळ्याविना वाहते. असा पदार्थ म्हणजे अतिवाहक. वर लोहचुंबक ठेवलं तर ते अधांतरी तरंगतं. सरांनी पहिल्यांदा ते दाखवलं तेव्हा अख्खी गल्ली टाळ्या पिटत होती. सर तेवढे तोंड पाडून बसलेले.

"सर, हसा की जरा! चमत्कार केलात!"

"तरंगणं काय, तमाशा आहे तो. वीज कुठे वाहतेय? जरा वाढवली की संपलं सगळं!"

तिथंच सगळं अडलं होतं. पुण्याच्या गाईडनी सांगून ठेवलं होतं, चकतीतून कापलेल्या काडीतून दोन अँपिअर बिनतक्रार जाऊ द्या, मग पीएच.डी.च्या प्रबंधावर सही. आणि सरांची काडी अर्ध्यातच मान टाकायची. तीन वर्षं हेच. नोंदणीची मुदत संपत आलेली.

एकदा मी विचारलं, "अहो, अडथळाच नाही म्हणता, मग अडतं कुठे?"

सर वैतागून म्हणाले, "मोतीलालभाऊ, चकती अखंड दिसते, पण ती बारीक दाण्यांची असते. एका दाण्यात वीज सुसाट पळते. पण दोन दाण्यांच्या मधे बांध असतो. तिथे मळ साचतो, ऑक्सिजन कमी पडतो, दाण्यांची तोंडं एकमेकांकडे नसतात. त्यात वाहणाऱ्या विजेचं स्वतःचंच चुंबकत्व तयार होतं आणि नेमकं त्या बांधांत घुसतं. की खेळ खलास."

"म्हणजे भाऊबंदकी म्हणा की! शेतं चांगली, भांडण बांधावर."

सर हसले नाहीत. दाराआडून सरांच्या पत्नी, कमलवहिनी मात्र फिस्सकन हसल्या.

मग सरांनी हट्टानं एक घाणं घातलं. वेल्डिंगवाल्याकडून ऑक्सिजनची नळकांडी आणली, त्या हवेत भट्टी सावकाश थंड केली. मधे वीज जाऊ नये म्हणून वायरमनला रोज चहा पाजला. चकती निघाली. तिची एक काडी कापून मोजली आणि दोन अँपिअर सुखरूप पार! अडथळा दाखवणाऱ्या मीटरचा काटा हललासुद्धा नाही. सरांनी गल्लीत जिलेबी वाटली. तारा सोडवताना काडी मोडली, पण चकतीचा मोठा तुकडा शाबूत होता. गाईड सोमवारी स्वतः येऊन त्यातूनच दुसरी काडी कापून मोजणार होते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत पावसाची ओल, म्हणून सरांनी तो तुकडा घट्ट झाकणाच्या बरणीत, ओल शोषणाऱ्या खड्यांसोबत घरी आणून ठेवला. दमट हवासुद्धा त्या बांधांना खाते, असं ते म्हणत.

त्याच आठवड्यात सरांच्या थोरल्या मुलीच्या सोयरिकीसाठी सोनगीरहून मुलाचे वडील रुपचंद आबा आणि त्यांच्या सुंदरबाई मुक्कामी आले. कमलवहिनींनी हट्ट धरला, व्याह्यांना तरंगणारं चुंबक दाखवाच. सरांनी त्याच तुकड्यावर दाखवलं आणि तो पुन्हा बरणीत ठेवला. सुंदरबाईंनी डोळे मिटून हात जोडले. पण सोमवारसाठी ठेवलेला उरलासुरला नायट्रोजन त्यात संपला. तो मिळतो कुठे, तर गाईम्हशींच्या कृत्रिम रेतन केंद्रात. जळगावचं केंद्र कोरडं, म्हणून सर एसटीनं धुळ्याला गेले. संध्याकाळी धुरकट वाफा सोडणारी कॅन कवटाळून ते परतले. सगळ्या वाटेत कंडक्टर त्यांना "डॉक्टरसाहेब" म्हणत होता आणि मागच्या बाकावरचा एकजण आपल्या म्हशीचं दुखणं सांगत होता.

सरांनी बरणी पाहिली. रिकामी.

चकती देव्हाऱ्यात होती. ओली, हळदीकुंकवानं माखलेली, वर बेलाचं पान.

सुंदरबाई कौतुकानं म्हणाल्या, "भाऊ, तो देव बरणीमा एकलाच कोंडेल व्हता. मी त्याले ऊन पानीनी आंघोय घाली दिधी. सकायपासून तीनदाव!"

वहिनी माझ्याकडे बघेनात. सरांनी चकती पुसली, वाळवली, मंद भट्टीत ठेवली. पण दाण्यादाण्यांत शिरलेलं पाणी पुसायचं कसं?

सोमवारी प्रयोगशाळेत गाईड, सर, मी आणि रुपचंद आबा. होणाऱ्या व्याह्यांची परीक्षा बघायला आबा हौसेनं आले होते. काडी बुडाली. वीज सोडली. काटा शांत. जरा वाढवली. अर्ध्या अँपिअरलाच काटा उठला आणि चढतच गेला. सरांनी जोडण्या तपासल्या, तारा हलवल्या, पुन्हा सोडली. तेच.

गाईडनी काडीची कड निरखली. पांढुरकी पुटं. "बोरसे, हिला पाणी लागलंय. कुणी लावलं? कारण खरं सांगा. अपघात असेल तर मी मुदतवाढीसाठी लिहीन."

आबांची मान खाली गेली. मी तोंड उघडलं, तोच सरांनी माझ्या पायावर पाय दिला. करकचून.

"माझाच हलगर्जीपणा, सर. झाकण उघडं राहिलं."

"मग मी काय लिहू?" गाईडनी पिशवी उचलली. आबा घरी गेले; सर आणि मी गाईडना स्टेशनवर सोडायला गेलो.

परतताना मी फार चिडवलं, "घ्या, व्याह्यांच्या घरी पीएच.डी. हुंड्यात!" घरी सुंदरबाईंनी विचारलं, "पास व्हयनात का भाऊ?" आणि पुढे साखरेची वाटी धरली. सरांनी चिमूट तोंडात टाकली, खलातली उरलेली पूड खिडकीबाहेर झटकली आणि वहिनींना म्हणाले,

"साखरपुड्याची तारीख धरा. यंदा या घरातलं एक तरी काम तडीस जाऊ दे."