पाणी कमी नव्हतं, पट्टा ढिला होता

मंडळी, दुपारपासून जिवाला चैन नाही म्हणून लिहितो.

आज श्रीगोंद्याला जाताना चढावर आमच्या जुन्या पिकअपचा इंजिन किती तापलं ते दाखवणारा काटा लाल खुणेवर गेला आणि लगेच खाली आला. मुलगा म्हणाला, "अण्णा, उतरला की. जरा पाणी वतू आन् निघू."

मी गाडी बंद करायला लावली. इंजिन गार झाल्यावर पाहिलं, तर पाणी भरलेलं होतं. इंजिन गार ठेवणाऱ्या पंख्याचा पट्टा मात्र बोटाने दाबला की खोल आत जात होता.

बहात्तरच्या दुष्काळात मी मालकाच्या पिकअपमधून कर्जतकडे खडी फोडणाऱ्या बायकांना प्यायचं पाणी न्यायचो. तेव्हाही काटा असाच चढायचा. मी घाबरून त्यांच्याच पिंपातलं पाणी इंजिनाला ओतायचो. एकदा रिकामा तांब्या घेऊन उभी असलेली एक बाई म्हणाली, "पाजा आदी गाडीला. आमी थांबतो."

त्या दिवशी तिच्यापर्यंत पाणी पुरलं नाही.

आठ दिवसांनी मिस्त्रीने नुसता पट्टा आवळला आणि काटा चढायचा थांबला.

गाडी चालवणाऱ्यांनो, काटा चढला की तुम्ही आधी पाणी ओतता, की पट्टा दाबून बघता?