गयाबाईचं पांढरं लुगडं

सून इस्त्री करायला लागली की तापल्या सुती कापडाचा वास येतो, अन् माझं टाळकं आजही फिरतं.

चौथी शिकलेला मी, माहितीपटांचा कॅमेरामन होतो. लोहा गावाजवळच्या वस्तीत गयाबाई नावाची म्हातारी शूटिंगसाठी कडक इस्त्रीचं पांढरं लुगडं नेसून दारात बसली होती. डायरेक्टर मला म्हणाला, "हिला फाटकं नेसायला सांग. गरिबी दिसत नाही."

गयाबाई त्याच्यावरच कडाडली, "फाटकं व्हतं तवा कुठं मेला व्हतास? हाय तशी काढ, न्हाई तर चालता हो!"

मी कॅमेरा सुरू केला. डायरेक्टर ओरडत राहिला, मी थांबलो न्हाई. वाटलं, आपण जिंकलो.

पुढं फिल्म बघितली, तर गयाबाई नव्हतीच. तिच्या जागी दुसरीच, फाटक्या लुगड्यातली बाई होती, माझ्यामागं दुसऱ्या कॅमेरामनकडून शूट करून घेतलेली. अन् खाली कॅमेरामन म्हणून नाव माझं.