माझ्याच नावाचा निरोप

आमच्या गावाच्या मुंबई मंडळाचं एक वेब ॲप्लिकेशन आहे. त्यात सगळ्या सभासदांची नावं, पत्ते, फोन नंबर आणि एकच महत्त्वाचं काम: कोणी गेलं की सगळ्यांना एकदम निरोप जातो. पूर्वी सेक्रेटरी एकेकाला फोन करत बसायचे आणि अर्ध्या लोकांना कळेपर्यंत स्मशानातून मंडळी परतलेली असायची. ज्याने ते बनवलं तो परदेशी गेला आणि ते मधूनमधून बंद पडायला लागलं. सभेत कोणी कम्प्युटरवाला आहे का म्हणून विचारलं, तेव्हा मी हात वर केला.

समाजसेवा वगैरे काही नाही हो. आई गेल्यापासून बोरीवलीच्या घरात मी एकटा. लग्न केलं नाही, ऑफिसचं काम घरूनच. कित्येक दिवस असे जातात की वॉचमनला 'हां, हां' म्हटलं तेवढंच तोंड उघडतं. वाटलं, हे काम नीट झालं तर मंडळातली माणसं ओळखायला लागतील, कोणीतरी शेजारची खुर्ची ओढून 'बस रे' म्हणेल. पन्नाशी उलटलेल्या माणसाने असली आशा धरायची म्हणजे लाजच, पण होती ती होती.

शनिवारी सकाळी बसलो. आधी सगळं आपल्या लॅपटॉपवर उभं करायचं, तिथे हवी ती मोडतोड करायची, लोक वापरतात त्याला हात लावायचा नाही, ही आमच्या धंद्यातली रीत. कोड उतरवून घेतला. सोबत सूचनांची फाइल होती, तिच्यात एकच ओळ: 'अडलं तर फोन कर.' दिलेला नंबर बंद. मग काय, बसलो झटापट करत. माझ्याकडचा डेटाबेस नव्या आवृत्तीचा, कोडला हवा जुना. एक काढला, दुसरा टाकला. सेक्रेटरींनी पासवर्डांची फाइल पाठवली होती, ती जशीच्या तशी चिकटवली. सभासदांची यादीही खरीच भरली, खोटी नावं कोण बनवत बसणार. साडेबाराच्या सुमारास ब्राउझरमध्ये पान उघडलं, वर मंडळाचं नाव, खाली ग्रामदेवतेचा फोटो. एकदम झकास. 'चाललं ना!' असं मोठ्याने म्हणालो आणि ऐकायला घरात कोणी नाही हे नंतर लक्षात आलं.

आता निरोपाचं पान तपासायचं होतं. 'मयताचं नाव' असा रकाना. तिथे कोणाचं नाव घालणार? जित्याजागत्या माणसाचं घालायला हात धजेना; असलं अभद्र आमच्याकडे कोणी करत नाही. आईचं घालावं तर तेही नको वाटलं. शेवटी स्वतःचं घातलं. पत्ता घातला, 'अंत्ययात्रा राहत्या घरून, दुपारी चार वाजता' असंही लिहिलं आणि बटण दाबलं.

टेबलावरचा फोन वाजला. माझ्या निधनाचा मेसेज मलाच आला होता. त्या पासवर्डांच्या फाइलीत मेसेज पाठवणाऱ्या सेवेचा खरा पासवर्ड होता. तो आधी काढायचा असतो, हे नवशिक्यालाही कळतं. मी गाढव तो तसाच ठेवून बसलो होतो आणि यादीही खरी, म्हणजे निरोप अख्ख्या मंडळाला गेला होता. वाट लागली.

सेक्रेटरींना फोन लावला तर सतत एंगेज. पंधरा मिनिटं फोन हातात घेऊन बसलो. मेलेल्याला कोण फोन करणार, हे कळत होतं. तरी एखादा येतोय का, याची मी वाट बघत होतो. मला बघायचंच होतं की माझ्यासाठी कोण हलतं.

शेवटी सेक्रेटरींचा लागला. शिव्या खाल्ल्या, त्या वाजवीच होत्या. दुरुस्तीचा मेसेज त्यांनीच पाठवला. मग म्हणाले, "फोन खूप आले रे. पण सगळे एकच विचारत होते, हा कोण?"

मी लॅपटॉप बंद केला. जेवण गेलं नाही. इतकं वाईट मला आईच्या तेराव्यालाही वाटलं नव्हतं.

तीनच्या पुढे बेल वाजली. दारात एक म्हातारे गृहस्थ, खांद्यावर पंचा, हातात पिशवी. सभेत मागच्या रांगेत बसलेले पाहिले होते, बोलणं कधी नाही. मुलुंडहून बस बदलत आले होते. फोन साधा, त्यावरची बारीक अक्षरं दिसत नाहीत; पहिला मेसेज शेजाऱ्याने वाचून दाखवला, दुसरा वाचायला कोणी नव्हतं. मला बघून आधी दचकले, मग मी सगळं सांगितल्यावर मालवणीत अशी आयमाय काढली की समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं. मी ऐकून घेतलं, त्यांना आत बसवलं.

म्हटलं, "काका, आपली तर ओळखही नाही. एवढ्या लांब कशाला आलात?"

त्यांनी पंचाने मान पुसली. "तुझ्या आवशीच्या मयताक मी इल्लंय. तुका याद नसात. तेव्हा खांद्याक माझ्यासकट चारच जण होतो, त्यातलो एक तू. आता तूच आडवो, म्हणजे रवलंव तिघाच. मी नाय इलंय तर कसा होतला?"

पाणी आणतो म्हणून मी आत गेलो आणि बराच वेळ बाहेर येऊ शकलो नाही.