कंपाउंडरकाकांची म्हैस

पेणचे कंपाउंडरकाका म्हशीच्या कासेला हात लावण्याआधी तिच्या मानेखाली खाजवायचे. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, ती डोळे मिटेपर्यंत काका बोलायचे नाहीत. आयुष्यभर गुरांच्या डॉक्टरांकडे काम केलेला माणूस; स्वतःच्याही चार म्हशी. मी आमच्या गावी, वरशाला, दोन म्हशींवर दुधाचा धंदा सुरू केला तो त्यांच्या भरवशावर.

पान्हा म्हणजे काय, हे त्यांनीच मला शिकवलं. रेडकू सडाला तोंड लावतं, खबर मेंदूला जाते, मेंदू रक्तात ऑक्सिटोसिन सोडतो आणि कास आवळून दूध खाली येतं. तेच आता कारखान्यात बनतं. बाळंतिणीला कळा येत नसतील तर सलाइनमधून थेंबाथेंबाने देतात. बाळंतपणानंतर रक्त थांबत नसेल तर त्याने गर्भाची पिशवी आवळते. काही गोठेवाले मात्र रोज धारेच्या वेळी चोरून टोचतात, मग म्हैस सुईशिवाय दूध सोडत नाही. काका म्हणायचे, "बाईचा जीव वाचवणारी चीज हाय ती. गोठ्यात टोचली की आपण गवळी नाय, चोर."

सौद्यात मी सख्ख्या भावालाही सोडत नाही. म्हैस घ्यायची तर मालकाकडे मुक्काम ठोकतो, दोन्ही वेळची धार स्वतः काढतो. काकांनी त्यांची म्हैस विकायला काढली तेव्हा मात्र तसं म्हणायची मला लाज वाटली. त्यांनी भरलेली बादली दाखवली, मी दावं हातात घेतलं.

वरशाला आल्यावर तिने थेंब सोडला नाही. रेडकू लावलं, पुढ्यात आंबोण ठेवलं. चौथ्या दिवशी गुरांच्या डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी तिच्या मागच्या पुठ्ठ्यावरच्या सुईच्या गाठी दाखवल्या.

तसाच पेणला गेलो आणि भर बाजारात त्यांना नको नको ते बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "तू धार काढून बघशील असं वाटलं होतं रे. तू विचारलंच नायस."

"तुमच्याकडं काय विचारायचं, काका?"

ते म्हैस परत घ्यायला तयार होते. मी दिली नाही. माझ्या बायकोने महिनाभर तिच्यापाशी बसून तिची सुई सोडवली.

गेल्या वर्षी मुलगी रोह्यात बाळंत झाली आणि रक्त थांबेना. नर्स ऑक्सिटोसिन घेऊन आत पळाली. आत काय होणार ते मला बाहेरच्या बाकावर बसून पायरीपायरीने कळत होतं. थोड्या वेळाने ती सांगत आली, पिशवी आवळली, रक्त थांबलं.

पहिला फोन काकांना करावासा वाटला. नंबर काढलाही. मग जावयाच्या घरी लावला.