ताणलेला बॉय आणि तात्यांची होडी

एक पाय होडीत, एक भिगवणच्या काठावरच्या चिखलात, आणि फोन वाजला. टर्मिनल मॅनेजर साहेब.

"रजेवर आहेस, माहितीय. टँकर दोन दिवस बाहेर उभाय. बॉय ग्रीन दाखवतोय. घेऊ ना आत?"

होडीत तात्या, म्हणजे माझे वडील, वल्हं धरून बसले होते. त्यांचा सगळा जन्म उजनीच्या पाण्यात मासे धरण्यात गेला. आता गुडघे साथ देत नाहीत, म्हणून होडी कळसच्या पाहुण्यांना दिली होती. दुपारी टेंपो येणार होता. त्याआधी दोघांनी एक शेवटची फेरी मारायची, एवढ्यासाठीच मी आलो होतो. कंट्रोल रूममध्ये सहा महिने समुद्र बघताना मला आठवण यायची ती या गोड्या पाण्याची.

माझं काम थोडक्यात सांगतो. तेलाचे मोठे टँकर धक्क्याला लागत नाहीत. ते खोल पाण्यात थांबून जाड होजमधून, म्हणजे रबरी नळीतून, तेल उतरवतात. लाटा मोठ्या असताना होज जोडला तर तो तुटतो, आणि समुद्रात सांडलेलं तेल पुरतं गोळा होत नाही. म्हणून तिथं वेदर बॉय असतो. नांगर टाकलेला, पिवळा, तरंगता डबा. लाट आणि वारा मोजून तो दर अर्ध्या तासाला आकडे पाठवतो. लाट मर्यादेत असली की स्क्रीनवर ग्रीन दिसतं.

काठावरच्या बाभळीखाली लॅपटॉप उघडला. आकड्यांत वारा वाढत होता, तरी लाट कमी होत होती. शिवाय बॉय भरती-ओहोटीच्या पाण्याबरोबर फिरत राहतो. हा तीन तास एकाच बाजूला ताणून उभा.

"सर, थांबवा. मला हे आकडे पटत नाहीत."

"ग्रीन असताना थांबवू? कॅप्टनला काय सांगू?"

"अर्धा तास द्या."

अर्ध्याचा दीड झाला. सेन्सर ठीक, बॅटरी ठीक. तात्या होडीतून उतरून शेजारी येऊन बसले.

"काय झालं त्या डब्याला?"

मी सांगितलं.

"कुणीतरी होडी बांधली असंल. तरंगतं काय बी असू दे, त्याच्या सावलीला मासळी येती. आमी न्हाय का ड्रमला बांधत? तू बी बांधायचास की."

बांधायचो खरा. आणि तेच मी विसरलो होतो, याची लाज वाटली. बांधलेली होडी बॉयला ओढून धरते. मग तो लाटेबरोबर मोकळा वरखाली होत नाही आणि लाट लहान दाखवतो.

साहेबांना टर्मिनलची पहाऱ्याची गार्ड बोट बॉयकडे पाठवायला सांगितलं. उजनीत आत पाण्यावर रेंज नसते, म्हणून मी काठावरच थांबलो. थोड्या वेळाने तिकडून निरोप आला: बॉयला दोर लावून दोन मच्छीमार बोटी निवांत उभ्या होत्या. त्या सोडवल्यावर पुढचा आकडा आला. लाट मर्यादेच्या बरीच वर होती.

"वाचलो रे," साहेब म्हणाले. टँकर बाहेरच राहिला.

तोवर टेंपो आला होता.

"तात्या, त्यांना थोडं थांबायला सांगू?"

"नगं. माणसं कवाची आल्यात. तुजं काम झालं न्हवं?"

"झालं."

"मग झालं तर."

होडी टेंपोत चढवताना तात्यांनी तिचा दोर तेवढा सोडून घेतला. त्याचं ओलं वेटोळं मांडीवर घेऊन ते पाण्याकडे बघत बसले. मीही बसलो. ती फेरी मला अजून हवी आहे.

आमच्या चेकलिस्टमध्ये आता एक ओळ आहे: बॉय ताणलेला दिसला तर आधी गार्ड बोट पाठवा, मग सेन्सर तपासा. ती ओळ तात्यांची. रजेवर असताना फोन घरी ठेवा, अशीही एक घालावी असं फार वाटतं. पण त्या दिवशी मी तो घरी ठेवला असता, तर टँकर आत गेला असता.