चिठ्ठीशिवाय आत नाही

कारखान्याच्या फाटकावर त्यांनी पहारेकरी म्हणून चौतीस वर्षं काढली. कामगार त्यांना 'कुलूप' म्हणत, आणि तेही तोंडावर. एकदा मोठ्या साहेबांचे मेहुणे गाडीतून उतरून म्हणाले, "मी कोण आहे, माहीत आहे का?" कुलूप शांतपणे म्हणाले, "नाही ना. म्हणून तर चिठ्ठी मागतोय." मेहुणे पाऊण तास उन्हात उभे होते. वहीत नोंद झाली : वेळ, वर्णन, परत पाठवले.

यंत्रांच्या घरघरीने त्यांचे कान नेले, मग आजारपणाने बायको नेली. लेक समुद्रापलीकडे नोकरीला होती. फोनवर तिचा आवाज डब्यात कोंडलेल्या भुंग्यासारखा यायचा, म्हणून तिने घरी कंप्युटर बसवून दिला. पडद्यावर तिचे ओठ दिसत, हेडफोनमधून थोडं ऐकू येई, आणि दोन्ही जोडून वाक्य पुरं व्हायचं. दर रविवारी सकाळी अकरा वाजता. कुलूप दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसत. खाली घरातलाच पायजमा. तिला कुठे दिसतोय!

एका रविवारी ती म्हणाली, "बाबा, आता इकडेच या राहायला."

"मी काय सामान आहे? बांधून पाठवून द्यायला?"

बोलून गेले ते. तिचे ओठ हलायचे थांबले.

त्याच आठवड्यात पडद्यावर लाल चौकट आली आणि भोंगा वाजू लागला. कंप्युटरमध्ये चौदा व्हायरस शिरलेत, ताबडतोब इथे दाबा. कारखान्यात भोंगा झाला की पाटीवर लिहिलेलं निमूटपणे करायचं असतं. त्यांनी दाबलं. पुन्हा विचारलं, पुन्हा दाबलं. तासाभरात पडदा जाहिरातींनी भरला आणि बाण हलेनासा झाला.

बाजारातल्या दुकानातून दुरुस्तीवाली आली. तिने पडदा पाहिला आणि त्यांना ओठ दिसावेत म्हणून तोंड वळवून म्हणाली, "काका, केवढे पाहुणे जमवलेत! एकाला तरी ओळखता का?"

ती चेष्टेत म्हणाली, पण ते भिंतीकडे बघत राहिले. चौतीस वर्षांत एकही माणूस चिठ्ठीशिवाय आत घुसला नव्हता.

दोन तास तिची झाडलोट चालली. मग तिने कंप्युटरला असं कुलूप घातलं, की तिच्या पासवर्डशिवाय नवीन काही आत बसूच नये. शेवटी समजावलं, "चौकट आली आणि काही मागायला लागली, की डावीकडचं दाबायचं. म्हणजे नाही. काहीजण तर कॅमेरासुद्धा मागतात. मग काय, बसल्या जागी तुमचं घर बघतील."

"नोंद ठेवू?"

"ठेवा की," ती हसत म्हणाली.

त्यांनी नवी वही काढली. समास आखले. तारीख, वेळ, काय मागितले, काय केले.

पुढच्या रविवारी ते अकराला पाच कमी असताना बसले. बरोब्बर अकराला चौकट उगवली. कॅमेरा आणि माइक हवा म्हणे. हेडफोनमध्ये काहीतरी वाजतही होतं, पण भोंग्याने एकदा फसवलेला माणूस वाजण्यावर विश्वास ठेवत नाही. त्यांनी डावीकडचं दाबलं. सगळं शांत झालं. वहीत लिहिलं : कॅमेरा मागतो. परत पाठवला. मग दीड वाजेपर्यंत ते लेकीची वाट बघत बसले.

त्याच्या पुढच्या रविवारी तेच. चोरांनाही आता आपली वेळ ठाऊक झाली, असं त्यांच्या मनात आलं. चौकट गेली की ते तासभर पडद्यासमोर बसत. नंतर शर्ट काढून घडी करून ठेवत. तो मळलेला नसे. सामानाबद्दलचं ते वाक्य भांडी घासताना आठवे, दाराला कडी घालताना आठवे. स्वतः फोन लावावा असं वाटे, पण चौतीस वर्षं ते आत बसून येणाऱ्याची वाट बघत आले होते. बाहेर जाऊन कुणाला बोलवायची सवयच नव्हती.

शेजारच्या वहिनी जिन्यात भेटल्या. "तुमच्या लेकीचा मला फोन होता. बाबा कसे आहेत विचारत होती."

"मग मला का नाही विचारत?"

"तुम्हा बापलेकींच्या भांडणात मला ओढू नका बाई," वहिनी म्हणाल्या आणि पिशवी सावरत वर गेल्या.

दोन महिन्यांनी, शनिवारी, दुरुस्तीवाली पाहणीला आली. त्यांनी अभिमानाने वही पुढे केली. तिने पान वाचलं. मग बोट खाली सरकत गेलं आणि तिचं हसू विझलं.

"काका, दर रविवारी? अकरालाच?"

"एक मिनिट चुकत नाही."

"चोर इतके वेळेचे पक्के नसतात हो." ती स्टुलावर बसली. "चूक माझी आहे. मी सगळं पुसलं, त्यात तुमच्या लेकीच्या फोनला दिलेली परवानगीही पुसली गेली. ती फोन करतेय, कंप्युटर तुम्हाला विचारतोय कॅमेरा द्यायचा का, आणि तुम्ही..."

पुढचे ओठ त्यांनी वाचले नाहीत. ते वहीकडे बघत होते. सहा रविवारांच्या नोंदी होत्या. शेवटच्या दोन रविवारांपुढे जागा कोरी होती. त्या दोन दिवशी कुणीच आलं नव्हतं, आणि तेव्हा आपल्याला सुटल्यासारखं वाटलं होतं, हेही त्यांना आठवलं.

"लावून देऊ फोन?"

"उद्या. अकराला," ते म्हणाले. "कुठे दाबायचं तेवढं दाखव."

रविवारी त्यांनी शर्ट घातला आणि पायजम्याऐवजी पँटही घातली. अकराला लेकीच्या नावावर दाबलं. चौकट आली, कॅमेरा मागू लागली. त्यांचं बोट सवयीने डावीकडे गेलं, थांबलं, उजवीकडे आलं.

घंटा वाजत राहिली. मग तिकडून कट झाली.

त्यांनी वही ओढली. अकरा. परत पाठवले. या वेळी कोणाला, ते लिहिलं नाही. पुन्हा दाबलं.

पडद्यावर लेक आली. केस विस्कटलेले, चेहरा बारीक झालेला. "बाबा," तिचे ओठ म्हणाले, "सहा वेळा कट केलंत तुम्ही. सहा वेळा."

त्यांनी वही उघडली आणि दोन्ही हातांनी कॅमेऱ्यासमोर धरली. वहीआड सगळा पडदा झाकला गेला. हेडफोनमध्ये काहीतरी आलं, तुटक, पुन्हा पुन्हा. हसू होतं की रडू, ओठ दिसल्याशिवाय त्यांना कळणार नव्हतं. हात भरून आले. तिचं वाचून होईपर्यंत त्यांनी वही खाली घेतली नाही.