इटालियन रॉकवाल्यासाठी अबुधाबीला, आणि एका शब्दाची धास्ती

जायचं की नाही, यावर गुरुवारी रात्रीपर्यंत आमचं एकमत नव्हतं. शोची तिकिटं मंदीच्या आधीच्या जोशात काढलेली, आणि त्याच दुपारी मंदारला, माझ्या नवऱ्याला, एचआरचा मेल आला होता: रविवारी सकाळी भेटा. एवढंच. त्या वर्षी असा मेल कशासाठी येतो हे शारजात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. अल नहदातल्या आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये नव्या कोऱ्या सूटकेसा दिसल्या की आता कोण परत चाललं, ते मी बघायचे.

"जाऊया," शेवटी मंदारच म्हणाला. "घरी बसून रविवार लवकर येणार आहे का?"

तुम्हीही अशा कार्यक्रमाला जाणार असाल तर शुक्रवारी सकाळीच निघा, नमाजानंतर रस्ते भरतात. आम्ही वाटेत दुबईतल्या अल मनखूलला थांबून इडली-वडा खाल्ला. तिघांचे वीस दिरहम, म्हणजे अडीचशे रुपयांच्या आसपास, असा हिशेब मी सवयीने मोठ्यांदा केला आणि मंदारचा चेहरा पाहून चटणी त्याच्यापुढे सरकवली.

गाडीत मात्र तो खुलला. विषय त्याचा लाडका होता ना! हा गायक मासेमारीच्या गावातल्या न्हाव्याचा मुलगा. लग्नांच्या बँडमध्ये गिटार वाजवायचा. पहिले तीन अल्बम कोणी विचारले नाहीत, चौथ्याने स्टेडियमं भरली. मग ऐन भरात घशाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टर म्हणाले, गाणं विसरा. दोन वर्षं माणूस गप्प. परत आला तो घोगरा आवाज घेऊन, आणि लोकांनी तोच आवाज जास्त डोक्यावर घेतला. मंदारला हे सगळं साइटवरच्या मार्कोने सांगितलेलं, सीड्याही त्याच्याच. मार्को थंडीतच इटलीला परत गेला होता. का, ते कोणी बोललं नाही.

"बाबा, विल ही सिंग द ट्रेन वन?" आमची बारा वर्षांची इरा मागून म्हणाली.

"इन्शाल्ला," मंदार म्हणाला. ते गाणं तो दर लग्नाच्या वाढदिवसाला मला म्हणून दाखवायचा. इटालियन ओ की ठो कळत नव्हतं, पण प्रेमगीत आहे अशी त्याची खात्री होती.

अर्ध्या वाटेवर माझा फोन वाजला. मंदारचा मित्र शिरीष. तो अबुधाबीतल्या मोहम्मद बिन झायद सिटीत राहायचा आणि मंदारच्याच कंपनीच्या हेड ऑफिसात होता. दुपारचं जेवण त्याच्याकडेच ठरलं होतं.

"वहिनी, वाईट बातमी. कॅन्सल झालंय. मंदारला..." आणि फोन कटला.

इथे न राहिलेल्यांसाठी सांगते. आखातात 'कॅन्सल' म्हणजे व्हिसा. अमका कॅन्सल झाला म्हणजे त्याची नोकरी गेली, महिनाभरात त्याने देश सोडायचा. पुढच्या पेट्रोल पंपावर गाडी घ्यायला लावली आणि मंदारला सांगितलं.

"शिरीषला बरं आधी कळलं," तो हळूच म्हणाला. "एचआर त्याच्याच मजल्यावर आहे." मला एकदम इराची शाळा आठवली, आईबाबांना काय सांगायचं ते आठवलं. मी खरंच घाबरले होते. मंदारने दोनदा चुकीचा नंबर लावला. तिसऱ्यांदा शिरीष लागला.

"अरे, शो! शो कॅन्सल झाला, स्पॉन्सर पळाला! तुला काय वाटलं? यल्ला, चला, घरी या, पुलाव थंड होतोय."

आम्ही दोघं इतके हसलो की इरा वैतागली. "इट्स नॉट फनी, आय वॉन्टेड टू सी हिम!"

तिच्याच हट्टापायी संध्याकाळी मैदानावर गेलो. स्टेज उतरवत होते. गार्ड हात हलवून "खलास, खलास" म्हणत होता. पण गेटबाहेर दहा-बारा इटालियन गिटार घेऊन बसले होते आणि ट्रेनचंच गाणं चाललं होतं. मंदारने बेधडक सूर मिसळला. सगळे शब्द पाठ! कडवं संपल्यावर शेजारच्या बाईने इंग्रजीत विचारलं, अर्थ माहीत आहे का? हा म्हणाला, लव्ह साँग. ती हसली नाही. म्हणाली, काम सुटलेला बाप बायकोमुलांना ट्रेनमध्ये बसवून देतो, खिडकीशी उभा राहतो, आणि त्याला हात हलवणं जमत नाही, असं आहे ते.

पुढचं कडवं मंदारने म्हटलं नाही. इराचा हात धरून तो गाडीकडे चालू लागला.

आता पुण्यात बसून हे लिहिताना त्या सहलीतलं काय उरलं, असं स्वतःला विचारते. गायकाला आम्ही पाहिलंच नाही. गेटबाहेरचं ते गाणं राहिलं, आणि पंपावरचं हसू. इतकं मोकळं आम्ही तिथे पुन्हा हसलो नाही.

रविवारी दुपारी मंदारचा फोन आला.

"कॅन्सल," तो म्हणाला.

शुक्रवारची गंमत माझ्या डोक्यातून अजून गेली नव्हती. "आता कोण?" मी हसत विचारलं.

"मी," तो म्हणाला.